माणूस वर आहे

तिसरी फळी वाया गेली तेव्हा चिमी रडली नाही की चिडली नाही. मशीनच्या लोखंडी चौकटीवर दोन्ही हात टेकून ती नुसती उभी राहिली. डोक्यावरचा पंखा गरगरत गरगरत थांबला. धूळ ओढणाऱ्या पंपाची घरघर विरून गेली. मग खोलीत इतकी शांतता झाली की लाकडात रुतून बसलेल्या गरम कटरची चरचर तिला ऐकू आली. दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि वीज गेली होती.

चिमी सत्तेचाळीस वर्षांची. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते वापरणारं घरात कोणी नव्हतं. घरात ती आणि ऐंशी पार केलेले बाबा, एवढेच दोघं. वीस वर्षं तिनं ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवले. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिनं मागची झोपायची खोली रिकामी केली, पलंग मोडून त्याच्याच फळ्यांचं टेबल केलं आणि त्यावर सुटे भाग जमवून राउटर मशीन उभं केलं. वरून खाली येणारं फिरतं कटर, त्याला इकडून तिकडे नेणाऱ्या तीन मोटारी आणि हुकूम सोडणारा कॉम्प्युटर. जे काम हातानं आठवडाभर पुरायचं ते हे मशीन एका दिवसात कोरून द्यायचं.

सध्याचं काम मात्र निराळं होतं. अंध मुलांच्या शाळेला आपल्या शहराचा लाकडी नकाशा हवा होता. नदी खोल, टेकड्या उंच, रस्ते बोटाच्या टोकाला लागतील एवढे उठावदार. एक फळी कोरायला अकरा तास लागत आणि अशा चार फळ्या जोडून नकाशा व्हायचा होता.

"थोडं खालीवर झालं तर रंगात झाकता येईल ना?" शाळेच्या बाईंनी सहज विचारलं होतं.

"डोळ्यांपासून झाकता येतं हो," चिमी म्हणाली होती, "बोटांपासून नाही."

आणि घोडं नेमकं तिथंच अडत होतं. मशीन आज्ञाधारक होतं, पण विसराळू. वीज गेली की आपण कुठं होतो हे ते साफ विसरायचं. वीज आल्यावर चिमी त्याला पुन्हा जागेवर आणायची, पण केसाएवढा फरक राहायचाच. जिथं काम थांबलं तिथं बारीक पायरी पडायची आणि नदीच्या मधोमध नसलेला बंधारा उभा राहायचा.

सुरुवातीला तिनं कॉम्प्युटरला लावतात तसा छोटा यूपीएस आणला. त्यानं भलताच घोळ केला. यूपीएसवर मशीनचा मेंदू आणि मोटारी चालू राहिल्या, पण कटर फिरवणारी मोठी मोटर त्याला पेलणारी नव्हती. वीज गेली, कटर थांबलं, आणि बाकीच्या मोटारींनी ते न फिरणारं कटर लाकडातून फरफटत नेलं. तिसरी फळी अशीच गेली होती. कटरचे दोन तुकडे झाले होते.

त्यानंतर नवी फळी लावली त्या दिवशी बाबा नेहमीप्रमाणे मागच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. कान जवळजवळ गेलेले. कानात घालायचं यंत्र त्यांना आवडायचं नाही. ते डबीतच असायचं. पण मशीन चालू असलं की फरशीतून येणारी थरथर त्यांच्या तळपायांना लागायची, म्हणून ते अनवाणी बसायचे. सगळी नोकरी सबस्टेशनमध्ये ऑपरेटर म्हणून झालेली. थरथरीशी त्यांचं जुनं नातं होतं. बाकी अलीकडे त्यांच्या आठवणींचे सांधे निखळायला लागले होते. सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नसे, पण कुठल्या लाइनचं कुठलं हँडल कितवं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

दुपारी तीनच्या सुमाराला चिमीनं मान वळवली तर बाबांनी मूठ कानाशी धरली होती, टेलिफोनचा रिसीव्हर धरावा तशी.

"हं, बोल," ते म्हणाले. मग थोडा वेळ ऐकत राहिले. "हो. करतो बंद. सांभाळून चढ."

मूठ खाली ठेवून त्यांनी चिमीकडे पाहिलं. "बंद कर, चिमे. तो वर चढतोय."

"कोण बाबा?" ती हसत मोठ्यानं म्हणाली. ती पुन्हा कामाकडे वळली. अर्ध्या मिनिटानं वीज गेली.

त्या दिवशी तिला तो योगायोग वाटला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आणखी दोन फळ्या वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी बाबांची मूठ कानाशी गेली आणि चिमीनं विचार न करता मशीनचं थांबायचं बटण दाबलं. कटर वर उचललं गेलं, मोटारी जागेवर थबकल्या, यूपीएसनं मेंदू जागा ठेवला. मग वीज गेली. दोन तासांनी आली तेव्हा मशीन जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू लागलं आणि लाकडावर नखाएवढीही खूण उमटली नाही.

पहिली चांगली फळी अशी हाती आली. पाठोपाठ दुसरी आणि तिसरी. नऊ वेळा वीज गेली आणि नऊही वेळा बाबांनी आधी सांगितलं. खरं म्हणजे चिमीनं खूश व्हायला हवं होतं. पण बटणावर बोट ठेवून बाबांच्या मुठीकडे बघत बसायचं, हे तिला दिवसेंदिवस जड जायला लागलं.

तिनं बॅटरीच्या दुकानदाराला विचारलं. तो जाणता माणूस होता. गल्लीतल्या निम्म्या घरांची वायरिंग त्यानं केली होती.

"त्यात काय एवढं, ताई," तो म्हणाला. "वीज जायच्या आधी दाब खालीवर होतो, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बदलते. आपल्याला कळत नाही. त्यांच्या हाडात भिनलंय ते."

"त्यांना ऐकू येत नाही पण."

"पायाला कळत असेल."

पटण्यासारखं होतं. म्हणून एका दुपारी तिनं बाबांची खुर्ची मागच्या अंगणात गवतावर ठेवली, त्यांच्या पायाखाली जाड उशी दिली आणि मशीन चालू करून खिडकीतून लक्ष ठेवलं. तिथून ना ट्रान्सफॉर्मर जवळ, ना फरशी. बाबा डुलक्या घेत होते. तीन वाजून वीस मिनिटांनी झोपेतच त्यांचा हात उचलला गेला आणि मूठ कानाशी गेली. बटण दाबायचं चिमी त्या दिवशी जवळजवळ विसरलीच होती.

आणि मग तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. इतके दिवस ती मशीनकडे धावायची म्हणून तिनं पाहिलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर बाबांची नजर समोरच्या भिंतीवरून हळूहळू वर सरकायची. थांबत थांबत, एकेक पाऊल टाकत कोणी चढत असावं आणि त्याला खालून बघावं, तशी. छताच्या कोपऱ्याशी जाऊन ती ठरायची. वीज येईपर्यंत बाबा तिथून डोळे हलवायचे नाहीत. एकदा वीज तीन तास गेली. तीन तास म्हातारा मान वर करून बसला होता. डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे चाललं होतं.

"बाबा, मान दुखेल. खाली बघा."

"तो वर आहे," बाबा म्हणाले. "नजर काढून चालत नाही."

"कोण आहे वर?"

"लंबू."

चिमी चपापली. लंबू तिला आठवत होता. ती लहान असताना सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायची तेव्हाचा लाइनमन. इतका उंच की त्याला शिडी फुकटच दिलीय, असं सगळे म्हणायचे. खांबावरची फुटकी पांढरी चिनीमातीची टोपणं तो तिला खेळायला आणून द्यायचा. मग तो अपघातात गेला असं कानावर आलं होतं, आणि त्याच सुमारास बाबांची तडकाफडकी बदली झाली होती. ती तेव्हा सात वर्षांची होती. त्यावर घरात कधी कोणी बोललं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ती थेट बॅटरीच्या दुकानात गेली. "मला मोठा इन्व्हर्टर द्या. कटरसकट सगळं मशीन चालेल एवढा. मला कोणाच्या सूचनेची वाट बघायची नाहीये."

दुकानदारानं दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या आणून पुढच्या व्हरांड्यात, मीटरशेजारी बसवल्या. जाताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, "ताई, खांबावरून तुमच्या घरात येणारी तार सैल आहे, दिवे लुकलुकतात. वीज कचेरीत तक्रार द्या." ती तिनं लगेच देऊन टाकली. दुसरी गोष्ट, "बाहेरची वीज आणि ही वीज यांच्यामध्ये अदलाबदलीचा स्विच लागतो. तो माल मंगळवारी येईल. तोवर याला हात लावू नका."

शुक्रवार होता. नकाशाची चौथी, शेवटची फळी सोमवारी शाळेत पोचवायची होती. चिमीला थांबणं माहीत नव्हतं. तिचा तो स्वभावच नव्हता. व्हरांड्यापासून मागच्या खोलीपर्यंत वेगळी तार ओढायची तर तेवढी जाड तार घरात नव्हती. मग तिनं डोकं चालवलं. भिंतीत वायरिंग आहेच की! दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर तिनं बनवली. एक टोक इन्व्हर्टरमध्ये, दुसरं व्हरांड्यातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये. उलट्या वाटेनं घरभर वीज. फक्त त्याआधी मेन स्विच आठवणीनं खाली पाडायचा, म्हणजे इन्व्हर्टरची वीज घराबाहेर जाणार नाही. हे धोक्याचं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारखान्यात दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिनं त्याची खरडपट्टी काढली असती. पण चार दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली. शनिवारी दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा तिनं आधी मेन पाडला, मग वायर लावली. मशीन न अडखळता चालत राहिलं.

रविवारी दुपारी चौथ्या फळीचा शेवटचा तास उरला होता. बाबा आपल्या खोलीत झोपले होते. मूठ नाही, फोन नाही, काही नाही. आणि वीज गेली.

सूचना न मिळाल्यानं चिमी गोंधळली. गेले तीन आठवडे ती त्या सूचनेला किती सरावली होती, ते तिला त्या क्षणी कळलं. मशीन थांबवून ती व्हरांड्यात धावली, वायर उचलली, सॉकेटमध्ये खुपसली, इन्व्हर्टर चालू केला, परत मागच्या खोलीत आली. दिवा लागला होता. कटर फिरायला लागलं. शेजारच्या घरातला पाण्याचा पंप चालू असल्याचा आवाज तिच्या कानावर पडत होता, पण तो मनापर्यंत पोचला नाही. शेजाऱ्यांकडे वीज आहे आणि फक्त आपल्याकडे नाही, याचा अर्थ काय, हे थांबून बघायला तिला सवड कुठं होती?

दोनेक मिनिटं झाली असतील. मशीनचा सूर क्षणभर खाली बसला, कोणी गळा आवळावा तसा, आणि पुन्हा सावरला. तिनं कान टवकारले. आणि तेवढ्यात तिला बाबा दिसले.

ते काठी न घेता चालत होते. गेल्या दोन वर्षांत ती गोष्ट घडली नव्हती. पाठ ताठ, पावलं झपझप. ते दारातून तिच्यावर ओरडले. आवाजही आताचा नव्हता. सबस्टेशनच्या अंगणात या टोकापासून त्या टोकाला पोचणारा तो आवाज होता.

"लाइन बंद आहे ना? मग मशीन चालू कसं?"

"बाबा, तो इन्व्हर्टर..."

"माणूस वर आहे!"

आणि ते वळून व्हरांड्याकडे गेले. चिमी त्यांच्यामागं धावली. ती पोचेपर्यंत बाबांनी मीटरशेजारचा मेन स्विच दोन्ही हातांनी धरून खाडकन खाली ओढला होता आणि त्याला पाठ लावून, हात पसरून ते उभे राहिले होते. कोणी पुन्हा वर करू नये म्हणून.

मागच्या खोलीत मशीन चालूच होतं. मेन खाली, तरी मशीन चालू. तो आवाज ऐकता ऐकता चिमीला सगळं उमगलं. मेन आत्तापर्यंत वर होता. ती पाडायला विसरली होती. गेली काही मिनिटं तिच्या घरातली वीज भिंतीतून, मीटरमधून, दारावरच्या तारेतून उलटी बाहेर चालली होती, खांबाकडे.

तिनं इन्व्हर्टर बंद केला, वायर उपटून काढली आणि व्हरांड्याच्या जाळीतून बाहेर पाहिलं. खांबाला सायकल टेकलेली होती. पिशवी लटकत होती. आणि वर, शिडीच्या टोकाला, पट्ट्यानं स्वतःला खांबाशी बांधून घेतलेला एक लाइनमन होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, तारेकडेही बघत नव्हता. मान पार मागं टाकून तो आभाळाकडे बघत होता.

"खाली या!" चिमी किंचाळली. "दादा, कशाला हात लावू नका, खाली या!"

तो खाली आला. तिशीतला गडी. चिमीनं त्याला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं. पेला त्याच्या दातांवर वाजत होता. ती त्याच्यासमोर खाली बसली आणि काहीही न लपवता सांगून टाकलं. चूक तिची होती. दोन टोकांची वायर, विसरलेला मेन, सगळं.

लाइनमननं ऐकून घेतलं. रागावायचंही त्याला सुचलं नाही.

"तुमचीच तक्रार होती, ताई. सैल तारेची. सुट्टीच्या दिवशी तेवढं उरकून टाकू म्हटलं. तुम्हाला हाक मारायला हवी होती, ते माझं चुकलं. खांबावरचा तुमचा फ्यूज काढला, तार सोडवली. आता बंदच आहे म्हणून हातमोजे पिशवीतच राहिले. तारेचं टोक सोलायला हात पुढं केला..."

तो थांबला. त्यानं बाबांकडे पाहिलं, मग चिमीकडे.

"इथं अजून कोण राहतं?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच."

"कोणीतरी म्हणालं, 'थांब. मी वर आहे अजून.' अगदी जवळून. म्हणून मी हात मागं घेतला. ते टोक निसटून खांबाच्या लोखंडाला लागलं आणि ही एवढी ठिणगी उडाली."

"बाबा ओरडले होते," चिमी घाईघाईनं म्हणाली. "त्यांचा आवाज आला असेल खालून."

"खालून नाही हो." लाइनमननं मान हलवली. "वरून. माझ्या डोक्याच्या वर होता तो. पण शिडी तिथं संपते, ताई. खांबही तिथंच संपतो."

बाबा अजून मेन स्विचला पाठ लावून उभे होते. त्यांना यातलं काही ऐकू आलं नसावं. लाइनमन उठून त्यांच्यापाशी गेला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "आजोबा, मी उतरलोय. काम संपलं."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याच्या खांद्यावर, दंडावर, मनगटांवर हात फिरवून पाहिला, दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले. मग ते भिंतीला घसरत खाली बसले.

संध्याकाळी बाबा कधी नव्हे इतके लख्ख होते. कानातलं यंत्र त्यांनी आपणहून मागून घेतलं. चिमीनं दोघांचा चहा आणला आणि पलंगाच्या कडेवर बसली. तेच बोलायला लागले.

"लंबू माझ्यामुळं गेला असं सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "मी लाइन चालू केली तेव्हा तो खांबावर होता. मी चौकशीतही तेच सांगितलं. तुझ्या आईलाही तेच सांगितलं."

"बाबा, नका आठवू आता."

"ऐक. नंतर माझ्या लक्षात राहायचं नाही." त्यांनी चहा बाजूला ठेवला. "तुझी आई त्या दिवशी दवाखान्यात होती. म्हणून तुला मी ड्यूटीवर घेऊन आलो होतो. मी मागं अंगणात तेलाची पातळी बघायला गेलो होतो. फोन वाजला. तो तू घेतलास."

चिमीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"मी परत आलो तर तू म्हणालीस, लंबूकाकांचा फोन आला होता. ते म्हणाले, उतरलो, सांग. मी म्हटलं शाब्बास, आणि हँडल वर केलं." बाबा थांबले. "तो बाजूच्या चौकीवरून बोलत होता. चौकीदारानं सगळं ऐकलं होतं. लंबू म्हणाला होता, 'बाबांना सांग, अजून एक खांब राहिलाय, चढतोय. उतरल्यावर सांगतो.'"

उतरल्यावर सांगतो. उतरलो, सांग. चिमीनं आठवायचा प्रयत्न केला. काळा जड रिसीव्हर, उंच स्टूल, फोनमधली खरखर. तिला चिनीमातीची टोपणं आठवत होती, त्यांचा थंडगार स्पर्श आठवत होता. फोन आठवत नव्हता. चाळीस वर्षं ती त्या गोष्टीवरून पाय न लागता चालत आली होती.

"तुम्ही मला कधीच..."

"काय सांगायचं? सात वर्षांच्या पोरीला?" बाबांचा आवाज चढला. "फोन घेणं माझं काम होतं. उलटा फोन करून खात्री करणं माझं काम होतं. तुझं काम खेळायचं होतं. चौकीदाराला मी हात जोडले, म्हटलं पोरीचं नाव काढू नकोस. भला माणूस होता. त्यानं काढलं नाही."

चिमीनं विचारलं, "आता जो फोन येतो, त्यात तो काय म्हणतो?"

"तेच. पण आता मी स्वतः घेतो." बाबा उशीला टेकले. "आज मात्र आला नाही. आज मला कोणीतरी दंड धरून उठवलं."

चिमीनं त्यांच्या दंडाकडे पाहिलं नाही. अंगावर पांघरूण घालून ती बाहेर आली. दिवा तिनं चालूच ठेवला.

मंगळवारी अदलाबदलीचा स्विच बसला. दुकानदारानं ती दोन्हीकडे पिना असलेली वायर तिच्यासमोर कात्रीनं कापून टाकली आणि तिला जे बोलायचं ते बोलला. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. रविवारच्या गडबडीत बिघडलेली चौथी फळी तिनं पुन्हा पहिल्यापासून कोरली, शाळेला दोन दिवस उशीर झाला, पण नकाशा निर्दोष गेला. लाइनमननं त्यांची तार नवी करून दिली. आता तो खांबावर चढायच्या आधी न चुकता व्हरांड्यात येऊन सांगायचा, कधीकधी कारण नसतानाही टेकायचा. चिमीनं त्यालाच गळ घातली, आणि त्यानं कचेरीतल्या जुन्या लोकांकडे चौकशी करून एक पत्ता आणून दिला.

लंबूला एक मुलगी होती. चिमीहून दोन वर्षांनी लहान. बसनं दोन तासांवरच्या गावी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. चिमी गेली तेव्हा ती दुकानामागच्या खोलीत यंत्रावर बसली होती. वडिलांसारखीच उंच होती. कोण, कुठली, हे कळताच तिचा चेहरा घट्ट झाला.

"ऑपरेटरची मुलगी," ती म्हणाली. "माझी आई मरेपर्यंत तुमच्या वडिलांच्या नावानं बोटं मोडत होती. आता कशाला आलात?"

चिमी वाटेत जे जे घोकून आली होती ते सगळं विसरली. "तो फोन माझ्या वडिलांनी घेतला नव्हता," ती म्हणाली. "मी घेतला होता. मी सात वर्षांची होते. चुकीचा निरोप दिला. मला ते मागच्या महिन्यात कळलं."

घासायचं यंत्र चालूच होतं. त्या बाईनं हात लांब करून ते बंद केलं. हातातली काच कापडानं पुसली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. चिमी उभीच होती. बसा म्हणायचं त्या बाईच्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे त्यांच्याशी शेवटचं तुम्ही बोललात," बाई म्हणाली.

"हो."

"आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही, ते शेवटचं काय बोलले. आईनं किती जणांना विचारलं. सगळे म्हणायचे, ऑपरेटरला माहीत." तिनं काच खाली ठेवली. आता तिच्या आवाजात राग उरला नव्हता, किंवा तो कुठंतरी बाजूला ठेवून ती बोलत होती. "काय म्हणाले ते? नेमकं सांगा. घाई करू नका."

चिमीनं सांगितलं. शब्दन् शब्द, चौकीदारानं बाबांना सांगितला होता तसा.

बाईनं स्टूल पुढं सरकवलं. "बसा," ती म्हणाली. "आणि पुन्हा एकदा सांगा."